भिंतीआडची तार

घर बांधून पुरे होते, भिंतींना गिलावा होतो, वर रंगाचा हात फिरतो, आणि त्या घरातील एक फार महत्त्वाची गोष्ट कायमची दृष्टीआड होते. दाराची चौकट सरळ आहे की नाही हे राहावयास येणारा माणूस डोळ्यांनी पाहून घेतो. नळाला पाणी येते की नाही हे तो तोटी फिरवून ठरवितो. छत गळते किंवा नाही हे पहिला पाऊस त्याला सांगतो. भिंतीच्या पोटात नळीतून नेलेली विजेची तार मात्र त्याला दिसत नाही. खटका दाबला की दिवा लागतो, एवढ्यावर तो समाधान मानतो. परंतु दिवा लागणे ही तारकाम बरोबर असल्याची खूण नव्हे. गरजेहून बारीक तारेनेही दिवा लागतो, सैल सांध्यातूनही लागतो, आणि जमिनीशी जोडावयाची तार मुळीच घातलेली नसली तरीही तो तितक्याच लख्ख उजेडाने लागतो.

इमारतीतील पाणी, वीज, वायुवीजन इत्यादी सोयींचे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विजेच्या मूळ सिद्धान्ताचा परिचय करून दिला पाहिजे, असे आपण म्हणतो, त्याचे कारण हेच आहे. या सिद्धान्ताची त्यांना परीक्षेपुरती नव्हे, तर न दिसणारी गोष्ट पारखण्यासाठी गरज असते. आरंभीच एक प्रश्न विचारून ठेवू. मीटरजवळच्या फळीवर जी वितळतार, म्हणजे फ्यूज, असते ती कोणाचे रक्षण करते? बहुतेक लोक उत्तर देतील, ‘आपले, घरात राहणाऱ्यांचे.’ हे उत्तर चूक आहे, आणि ही चूक प्राणावर बेतू शकते. ती का चूक आहे हे समजण्यास १८२७ ते १८४५ या अठरा वर्षांत जगापुढे आलेले तीन नियम पुरेसे आहेत.

दाब, प्रवाह आणि रोध

गच्चीवरच्या टाकीतील पाणी खालच्या मजल्यावरच्या नळाला जोराने येते व वरच्या मजल्यावर त्याची धार मंदावते, हे प्रत्येकाने अनुभविलेले असते. टाकीची उंची जितकी अधिक तितका दाब अधिक. त्याच दाबाखाली रुंद नळीतून पाणी भरपूर येते, अरुंद व लांब नळीतून थोडे येते. विजेची गोष्ट बरीचशी अशीच आहे. विजेला ढकलणारा तो विद्युद्दाब. तो व्होल्ट या एककात मोजतात. दर सेकंदाला वाहणाऱ्या विजेचे मान म्हणजे विद्युत्प्रवाह, त्याचे एकक अँपिअर. वाहणाऱ्या विजेला वाहक जो अडथळा करतो तो रोध, आणि त्याचे एकक ओहम.

या तिघांचे परस्परांशी नाते काय, हे गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने शोधून काढले. कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असता त्याने हे प्रयोग केले. त्या काळच्या विद्युत्‌घटांचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून त्याने तांबे व बिस्मथ यांचे सांधे, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून, त्यांपासून स्थिर दाब मिळविला आणि निरनिराळ्या लांबीच्या तारा लावून प्रवाह मोजला. १८२७ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशात त्याचे स्वागत थंडपणानेच झाले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला, आणि पुढे १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्याचे नाव मिळाले. त्याचा नियम एका ओळीत मावतो:

दाब = प्रवाह × रोध

भारतातील घरांना मिळणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ही वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे घेणारी आहे. २३० हा आकडा तिच्या परिणामकारक मूल्याचा आहे. आता पाणी तापविण्याचा २००० वॉटचा गीझर घेऊ. वॉट म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. तेव्हा २००० ला २३० ने भागले की प्रवाह मिळतो ८.७ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. गीझरच्या तापणाऱ्या कांडीचा रोध अर्थातच २६ ओहमांच्या किंचित वर येतो.

परंतु वीज गीझरपर्यंत पोहोचते ती तारेतून, आणि तारेलाही स्वतःचा रोध असतो. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. गीझर मुख्य फळीपासून ३० मीटरांवर असेल तर जाणारी व येणारी अशी मिळून ६० मीटर तार लागते, व तिचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. ९ अँपिअर प्रवाहाने या तारेतच सहा व्होल्टांहून अधिक दाब खर्ची पडतो. त्याच तारेवर दुसरा गीझर लावला की नुकसान दुप्पट होऊन तेरा व्होल्टांच्या घरात जाते. गीझर लावताच त्याच तारेवरचा दिवा किंचित मंद होतो, याचे कारण हे आहे. तारेने आपला वाटा वाटेतच काढून घेतलेला असतो.

तार का तापते?

वाटेत काढून घेतलेला हा वाटा नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. किती होते, हे मँचेस्टरजवळच्या एका मद्योत्पादकाचा मुलगा जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्याचा नियम असा की, तारेत दर सेकंदाला उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

उष्णता = प्रवाह × प्रवाह × रोध

या ‘वर्ग’ शब्दातच सारे मर्म आहे. वरील तारेच्या एका मीटर लांबीचा विचार करू. ९ अँपिअर प्रवाहाने तिच्यात सुमारे १ वॉट उष्णता निर्माण होते, व ती भोवतालच्या भिंतीत सहज जिरते. प्रवाह दुप्पट, म्हणजे १८ अँपिअर झाला की उष्णता दोन नव्हे तर ४ वॉट होते. तिप्पट झाला की ९ वॉट. घरात एकेक उपकरण वाढत जाते तेव्हा गृहस्थ मनात बेरीज करीत असतो, पण भिंतीतील तार वर्ग करीत असते.

आता ही तार उघड्यावर नाही. तिच्यावर पीव्हीसीचे आवरण आहे, ती इतर चारसहा तारांबरोबर एका नळीत कोंबलेली आहे, आणि नळी गिलाव्याखाली पुरलेली आहे. तिची उष्णता बाहेर पडण्यास वाट थोडी. साध्या पीव्हीसी आवरणास ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सोसते. त्याच्या वर तापत राहिल्यास ते एका दिवसात जळत नाही, पण कडक होते, तडकते आणि वर्षानुवर्षांनी तार उघडी पाडते. म्हणूनच तारेची जाडी ही चवीची अथवा काटकसरीची बाब नव्हे. दिवेपंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ वा ४ चौरस मिलिमीटर, अशी जी प्रथा आहे ती जूलच्या नियमातून आलेली आहे. तार ॲल्युमिनिअमची असल्यास तिचा रोध तितक्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

वितळतारेची जागा नेमकी येथे आहे. मंडलातील सर्व तारांपेक्षा अशक्त असा एक तुकडा आपण मुद्दाम बसवितो, अशा हेतूने की प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर भिंतीतील तार तापून जाण्याच्या आत हा तुकडा वितळावा. हल्ली वितळतारेच्या जागी एमसीबी नावाचा आपोआप पडणारा खटका असतो. त्याचे कामही तेच. थोडा जादा प्रवाह बराच वेळ वाहिला तर आतली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते व खटका पाडते. एकाएकी प्रचंड प्रवाह आला तर विद्युत्‌चुंबक तो तत्क्षणी पाडतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. वितळतार तारेचे रक्षण करते, आणि तारेच्या द्वारे आगीपासून घराचे. वितळतार पुनःपुन्हा जळते म्हणून तिच्या जागी जाड तांब्याचा पदर पिळून बसविणारे लोक आहेत. एमसीबी वरचेवर पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ अँपिअरचा लावणारेही आहेत. त्यांनी दुरुस्ती केली असे त्यांना वाटते. वास्तविक त्यांनी पहारेकऱ्याला रजा दिली, आणि सर्वांत अशक्त दुवा फळीवरून उचलून भिंतीच्या पोटात नेऊन ठेवला.

सैल सांधा

एक दोष मात्र असा आहे की तो योग्य वितळतारेलाही कळत नाही. स्क्रू नीट न आवळल्यामुळे किंवा तार नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळल्यामुळे सांध्यावर एक दशांश ओहम रोध उत्पन्न झाला, असे समजा. आकडा क्षुल्लक दिसतो. पण त्यातून १६ अँपिअर प्रवाह वाहू लागला की जूलच्या नियमाने त्या हरभऱ्याएवढ्या जागेत २५ वॉटांहून अधिक उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर कथिल वितळविण्यास जे सोल्डरिंग आयर्न वापरतो ते बहुधा २५ वॉटचेच असते. म्हणजे सॉकेटच्या मागे, लाकडी वा प्लास्टिकच्या पेटीत, असे एक तापते हत्यार ठेवून दिल्यासारखे झाले.

वितळतारेला हे का कळत नाही? कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. सांध्याच्या रोधाने तो, कमी झालाच तर, किंचित कमी होतो. काळवंडलेला प्लग, हाताला गरम लागणारे सॉकेट, जळकट वास हीच त्याची काय ती लक्षणे. प्लग नसल्यामुळे सॉकेटच्या भोकांत उघडी तार घालून काडीने घट्ट बसविण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, तिच्यात धक्क्याच्या भयाबरोबर हेही भय आहे. सांधा आवळण्यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट वाचविण्याची मुभा कारागिरास नाही, आणि त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्यासही नाही.

जितके जाते तितके परत येते

पाण्याची उपमा येथपर्यंत उपयोगी पडली. पण एका बाबतीत ती फसवी आहे. नळी फुटली की पाणी बाहेर सांडते; उघड्या सॉकेटातून वीज सांडत नाही. तिला वाहण्यास परतीचा मार्ग लागतो. गुस्टाव्ह किर्खहोफ याने १८४५ साली, क्योनिग्झबर्ग येथे विद्यार्थी असतानाच, जे नियम मांडले त्यांतला पहिला नियम या गोष्टीला गणिताचे रूप देतो. कोणत्याही संधिस्थानी जितका प्रवाह येतो तितकाच तेथून जातो. वीज वाटेत साठत नाही व हरवतही नाही. तिचा जमाखर्च दर क्षणी पुरा जुळतो.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज व दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल ही वीज परत नेणारी तार होय, व ती रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे न्यूट्रल व जमीन यांच्यात दाब जवळजवळ नसतो, पण फेज व जमीन यांच्यात मात्र पुरता २३० व्होल्ट असतो. खटका नेहमी फेजच्या तारेत बसवावा हा नियम यातूनच निघतो. तो न्यूट्रलमध्ये बसविला तरी दिवा विझेल, पण दिव्याच्या होल्डरमध्ये दाब तसाच राहील, आणि ‘बटण बंद आहे’ या विश्वासाने हात लावणाराला धक्का बसेल.

मोठ्या इमारतीत वीज तीन फेजांनी येते. कोणत्याही दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्ट असतो, आणि निरनिराळ्या बिऱ्हाडांना एकेक फेज व सामायिक न्यूट्रल दिलेली असते. आता ही सामायिक न्यूट्रल तळमजल्यावरील एका सैल सांध्यापाशी तुटली, असे समजा. तिसऱ्या फेजचा विचार तूर्त बाजूला ठेवून दोनच बिऱ्हाडे घेऊ. पहिल्यात २००० वॉटचा गीझर चालू आहे, दुसऱ्यात १०० वॉटचे किरकोळ दिवे. परतीची वाट बंद झाल्यामुळे दोन्ही बिऱ्हाडे आता दोन फेजांच्या दरम्यान एकामागे एक जोडली जातात. ओहमच्या नियमाने ४०० व्होल्ट त्यांच्यात रोधांच्या प्रमाणात वाटले जातात: गीझरच्या वाट्याला सुमारे १९, आणि दिव्यांच्या वाट्याला सुमारे ३८१ व्होल्ट. पहिल्या घरात पाणी तापेनासे होते आणि दुसऱ्या घरात दिवे भगभगून जळून जातात. न्यूट्रलमध्ये वितळतार बसवू नये, तिचा सांधा सर्वांत पक्का असावा, ही शिकवण का दिली जाते हे यावरून समजेल. लोक तिला ‘थंडी तार’ म्हणतात. ती थंडी असते ती केवळ अखंड असेपर्यंत.

माणसाचे शरीर

आतापर्यंत आपण तारेचा विचार केला. आता माणसाचा करू. विजेच्या दृष्टीने माणसाचे शरीर हाही एक वाहक आहे. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो. ओल्या त्वचेचा फार कमी होतो. २३० व्होल्टांच्या दाबाखाली शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने प्रवाह येतो ०.२३ अँपिअर, अथवा २३० मिलिअँपिअर. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग.

इतका प्रवाह माणसाला काय करतो? कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून असे दाखविले की, मुठीत धरलेली तार माणसाला आपण होऊन सोडता येणे ज्या प्रवाहाच्या पुढे अशक्य होते, तो प्रवाह पुरुषांत सरासरीने १६ व स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर असतो. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात तारेवरच मिटतो. ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात; वस्तुतः वीज ओढीत नाही, माणसाचीच मूठ उघडत नाही. त्याहून मोठा प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर हृदयाच्या ठोक्यांची लय मोडते, आणि ती पुन्हा जुळविण्यास बहुधा वेळ मिळत नाही. धक्का बसलेल्या माणसाला हाताने ओढावयास जाऊ नये, आधी मेन स्विच बंद करावा, हा उपदेश याचसाठी आहे.

हे आकडे वितळतारेच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. दिव्यांच्या मंडलातील वितळतार साधारण ५ अँपिअरची, म्हणजे ५००० मिलिअँपिअरची असते. माणसातून वाहणारे २३० मिलिअँपिअर तिच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी आहेत. झोपण्याच्या खोलीत रात्री लावून ठेवतात तो जुन्या पद्धतीचा ‘झीरोचा बल्ब’ नावाने शून्य असला तरी सुमारे १५ वॉटचा असतो, व सुमारे ६५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तोही प्रवाह माणसाला घातक ठरू शकतो. वितळतारेच्या दृष्टीने माणूस म्हणजे लावलेला आणखी एक लहानसा दिवा. त्याच्यासाठी ती वितळेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

जमिनीशी नाते

मग माणसाचे रक्षण कोण करते? पहिले उत्तर भूयोजन, म्हणजे तारतंत्र्याच्या भाषेत अर्थिंग. गीझर, धुलाई यंत्र, पाण्याचा पंप यांचे बाहेरचे धातूचे अंग एका हिरव्या तारेने जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळीशी वा पट्टीशी जोडून ठेवतात. आतली फेजची तार उसवून या अंगाला लागली, तर प्रवाहाला जमिनीकडे सोपी वाट मिळावी व मोठा प्रवाह वाहून एमसीबी पडावा, हा हेतू. तीन पिनांच्या प्लगमधली जाड व लांब पिन याच तारेची. ती लांब असल्यामुळे प्लग बसविताना सर्वांआधी जोडली जाते व काढताना सर्वांनंतर सुटते. उपकरणाला वीज मिळण्यापूर्वी संरक्षण मिळावे, अशी ही योजना आहे. ही पिन ‘नसली तरी चालते’ म्हणून मोडून टाकणारा मनुष्य नेमका तेवढाच भाग मोडतो, जो उपकरणासाठी नसून त्याच्यासाठी असतो.

परंतु हिरवी तार दिसली म्हणजे भूयोजन झाले असे नव्हे. येथेही ओहमचा नियम लावून पाहिला पाहिजे. प्रवाह परत रोहित्रापर्यंत धातूच्या तारेने जात असेल आणि सबंध वाटेचा रोध १ ओहम असेल, तर २३० अँपिअर प्रवाह वाहील व १६ अँपिअरचा एमसीबी तत्क्षणी पडेल. पण परतीची वाट केवळ मातीतून असेल, इमारतीच्या भूयोजनाचा रोध ९ ओहम व रोहित्राच्या भूयोजनाचा १ ओहम असेल, तर प्रवाह येतो केवळ २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी निश्चितपणे पडण्यास त्याच्या सुमारे १.४५ पट, म्हणजे २३.२ अँपिअर लागतात, आणि तेही तासाभराच्या आत एवढीच हमी असते. या अवधीत गीझरच्या अंगावर दाब किती? २३ गुणिले ९, म्हणजे २०७ व्होल्ट. हिरवी तार आहे, एमसीबी आहे, आणि तरीही ओल्या हाताने गीझरला स्पर्श करणारा संकटात आहे.

जमिनीचा रोध हा काही कायमचा आकडा नव्हे. ओली माती वीज चांगली वाहते, कोरडी वाहत नाही. भूयोजनाच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, ते ओल टिकावी म्हणून. दख्खनच्या काळ्या जमिनीला वैशाखात भेगा पडतात, आणि कित्येक ठिकाणी दोनचार हातांखाली काळा कातळच लागतो. अशा जागी पावसाळ्यात घेतलेले माप उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही. म्हणून भूयोजन एकदा पुरून विसरण्याची वस्तू नसून, ऋतूऋतूला मोजण्याची वस्तू आहे.

हिशेब ठेवणारा पहारेकरी

दुसरे उत्तर किर्खहोफच्या नियमातूनच निघाले. जितके जाते तितके परत येते; तर मग फेजमधून जाणारा व न्यूट्रलमधून येणारा प्रवाह सतत ताडून पाहणारी एखादी यंत्रणा का बसवू नये? आरसीसीबी नावाचा खटका हेच करतो. त्याच्या आत लोखंडासारख्या चुंबकीय पदार्थाचे एक कडे असते व दोन्ही तारा त्यातून जातात. दोन्ही प्रवाह समान असेपर्यंत त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना खोडून टाकतात. माणसाच्या अंगातून काही प्रवाह जमिनीत गेला की जमाखर्चात तूट येते, कड्यात चुंबकत्व जागे होते, आणि खटका पडतो. घरगुती उपयोगाचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या तुटीस सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पडावा लागतो. मोठ्या तुटीस तो याहून पुष्कळ लवकर पडतो. डाल्झिएल यांनी १९६१ साली अमेरिकेत अशा प्रकारचे उपकरण सिद्ध केले होते.

या पहारेकऱ्याच्याही मर्यादा आहेत. एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला तर गेलेला प्रवाह न्यूट्रलमधूनच परत येतो, हिशेब जुळतो, आणि आरसीसीबी स्वस्थ राहतो. तारेवर जादा भार पडला तरी त्याला पर्वा नसते, कारण ते काम एमसीबीचे. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. कधी असेही होते की तारतंत्री एका मंडलाची न्यूट्रल दुसऱ्या मंडलाला उसनी देतो. मग हिशेब कधीच जुळत नाही, खटका विनाकारण पडत राहतो, आणि शेवटी कंटाळून कोणीतरी आरसीसीबीलाच वळसा घालून तार जोडून देतो. दोष तारकामात असतो, शिक्षा पहारेकऱ्याला मिळते. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटण असते. ते अधूनमधून दाबून खटका पडतो की नाही हे पाहावे. बहुतेक घरांत ते बटण बसविल्या दिवसापासून कोणी दाबलेले नसते.

काय पुरले याची साक्ष

तर भिंतीआडच्या तारेला असे तीन रक्षक आहेत. तारेची जाडी व एमसीबी हे आगीपासून घराला राखतात. भूयोजन उपकरणाच्या धातूच्या अंगावरचा धोका हटविते. आरसीसीबी माणसाच्या अंगातून निसटणाऱ्या विजेचा हिशेब ठेवतो. तिघांपैकी एकही दुसऱ्याच्या बदली उभा राहू शकत नाही. आणि हे तिघेही सैल सांध्यापुढे बहुधा आंधळे आहेत. तेथे केवळ कारागिराचा हात आणि देखरेख करणाऱ्याचा डोळा कामास येतो.

ओहम, जूल व किर्खहोफ यांचे हे नियम विद्यार्थी पाठ करतात, गणिते सोडवितात आणि परीक्षा झाल्यावर विसरतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पुस्तकातल्या गणिताचे उत्तर चुकले तर गुण जातात. भिंतीतल्या गणिताचे उत्तर चुकले तर ते त्या दिवशी कोणाच्याच लक्षात येत नाही. दिवा लागतो, घरमालक समाधानी होतो, बांधणारे दुसऱ्या कामावर जातात. ते उत्तर पुढे कधीतरी, पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी, ओल्या पायांनी न्हाणीघरात उभ्या असलेल्या माणसापुढे येते. त्या माणसाला ना तारेची जाडी ठाऊक असते, ना भूयोजनाचा रोध. ते ठाऊक असणारा शेवटचा मनुष्य म्हणजे गिलावा होण्यापूर्वी ती तार पाहणारा. म्हणून भिंत बुजविण्याच्या आत तारांची जाडी पाहावी, सांधे आवळून पाहावेत, भूयोजनाचा रोध मापून त्याचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा, आणि तो कागद घराच्या किल्ल्यांबरोबर राहणाराच्या हाती द्यावा.